भोर घाट भोरला नाही, लोकल घाटात नाही

फोनवर 'भोर घाट' शोधा. नकाशा तुम्हाला भोरला नेत नाही, खंडाळ्याला नेतो. पुणे-मुंबई रेल्वे ज्या घाटातून उतरते तो हा बोरघाट. इंग्रजांच्या कागदोपत्री 'भोर घाट' झाला. खरं भोर गाव पुण्याच्या दक्षिणेला, कापूरहोळ फाट्यावरून आत. भोर आणि शेजारच्या राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात आजही एकही रेल्वे स्टेशन नाही. तिथल्या पोरांसाठी पुणं म्हणजे एसटी किंवा बाईक.

पण ज्या घाटात रेल्वे आहे, तिथेही एक गंमत आहे. मुंबईची लोकल कर्जतपर्यंत येते. पुण्याची लोकल लोणावळ्याला थांबते. मधल्या घाटात मात्र लोकल नाही. रोज ये-जा करणारा पासधारक डेक्कन क्वीन, सिंहगड, प्रगती अशा मोजक्या गाड्यांच्या वेळांना बांधलेला. असं का?

घाटातला रेल्वेमार्ग 1856 ते 1863 या काळात बांधला गेला. सुमारे 25 किलोमीटरमध्ये 1831 फूट चढ, 25 बोगदे. सगळ्यात तीव्र चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. 1861 मध्ये इथे 42,000 मजूर राबत होते. कॉलरा, पाऊस, सुरुंग यांत किती मेले त्याचा धड हिशेबही नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथेच वारला. त्याची बायको अॅलिस हिने कंत्राट सोडलं नाही. दोन इंजिनियर नेमून काम पुढे चालू ठेवलं.

आपल्याला वाटतं, घाटात अवघड ते चढणं. रेल्वेवाल्यांना विचाराल तर ते सांगतील, खरी भीती उतरण्याची. खंडाळ्याजवळ एक 'रिव्हर्सिंग स्टेशन' होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने निघायची. 1869 मध्ये उतरणारी एक गाडी तिथे थांबलीच नाही, सरळ पुढे जाऊन कोसळली. म्हणून घाटात 'कॅच सायडिंग' आले. हे चढावर नेणारे बाजूचे रूळ. उतरणारी गाडी आवरली नाही, तर ती मुख्य मार्गावरून सुसाट न जाता या चढावर शिरून थांबते.

या दुखण्यावरचा मोठा उतारा म्हणजे वीज. 3 फेब्रुवारी 1925 ला मुंबई ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली, 1500 व्होल्टवर. 1929 मध्ये तारा पुण्याला पोचल्या आणि रिव्हर्सिंग स्टेशन इतिहासजमा झालं. घाटासाठी लांब नाकाडाची इंजिनं आली, पहिली दहा स्वित्झर्लंडहून. इंग्रजीत त्यांना 'मगर' म्हणत. आपल्याकडच्या रेल्वेवाल्यांनी त्यांचा खेकडा केला. विजेचा फायदा असा, की उतरताना मोटरच उलटी राबवून ब्रेकसारखी वापरता येते.

जपानने हेच तंत्र लोकलमध्ये घातलं. 1963 मध्ये तिथे '115 सिरीज' आली, डोंगरी आणि बर्फाळ भागासाठी बनवलेली विजेची लोकल. लांब उतारावर मोटरच वेग धरून ठेवते. थंडीत डब्यातली ऊब जाऊ नये म्हणून प्रवाशाने हाताने उघडायचे दरवाजे. ही गाडी उसुई घाटातूनही जायची. तिथला चढ 15 ला 1, आपल्या दुपटीहून तीव्र! मात्र तिलाही तिथे मदतीची दोन इंजिनं जोडावी लागत.

ती इंजिनं योकोकावा स्टेशनवर जोडली जायची. गाडी थांबली की फलाटावर मातीच्या भांड्यातला भात विकला जाई. कर्जतला मागे बँकर इंजिनं लागेपर्यंत आपण वडा खातो, तसंच. बोरघाट काय आणि उसुई काय, खाणं घाटाने जन्माला घातलेलं.

म्हणजे 37 ला 1 च्या चढावर लोकल चालवणं अशक्य नाही. पण मुंबईची लोकल सपाटीसाठी घडली. घाटाचे रूळ मालगाड्या आणि लांबच्या गाड्यांनी भरलेले, पावसाळ्यात दरडी वेगळ्याच. घाटासाठी खास लोकल बांधायची, तर कुणासाठी, हा प्रश्न आधी सुटावा लागतो.

हा प्रश्न या डोंगरांना नवा नाही. वेल्ह्याला लागूनच मुळशी. 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध तिथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला. धरण झालंच, गावं बुडाली. सह्याद्रीतल्या अशा धरणांची वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि लोकलना गेली. ज्यांची जमीन गेली, त्यांच्या गावात लोकल आली नाही.

आणि जपान? 1997 मध्ये नागानोची बुलेट ट्रेन सुरू झाली आणि उसुई घाटातली जुनी लाईन बंद पडली. आता योकोकावाला रूळ संपतात. पुढचा घाट चढायला बस आहे.

भोरच्या एसटीत खिडकीशी बसलेल्या कुणालाही हे चित्र अनोळखी वाटणार नाही.