कारण सांगा, मग जा

शाळेला सुट्ट्या लागल्या की लेकरांच्या शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. चित्रकला, नाटक, पोहणं. मोठ्या बायांसाठी असं काही असतं का, असं आमच्या गटाच्या बैठकीत कुणीतरी विचारलं. "असतं की, वाळवण!" दुसरी म्हणाली. हसलो, पण प्रश्न मनातून जाईना.

मोठ्यांचं शिबिर महाराष्ट्राला नवं नाही. बाबा आमट्यांनी १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तीही भर मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात! सकाळी कुदळ-फावडं घेऊन श्रमदान, ऊन चढलं की व्याख्यानं आणि चर्चा, रात्री गाणी. गावोगावची तरुण मुलं-मुली स्वतःहून यायची. तिथून परतलेली सगळीच आपापल्या घरी रमली असं नाही. १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, तेव्हा या छावणीत घडलेले तरुण तिथल्या जंगलात राहायला गेले. आठवडाभर घमेली उचलून माणूस एवढा बदलतो, हे आम्हाला फार मोठं वाटतं.

पण ती छावणी तरुणांची. दोन लेकरांच्या आईला तिथे कोण धाडणार?

तिच्यासाठी जुनी वाट एकच होती, पंढरीची. आपण तर नामदेवांच्या नर्सीच्या मुलखातल्या. विठ्ठलाचं नाव घेतलं की सासूचाही विरोध मावळायचा. वाटेत अभंग, फुगडी, भारूड, आणि चालून थकल्यावर पडल्या पडल्या सुखदुःखाच्या गोष्टी. त्याला कुणी सहल म्हणत नाही. म्हणूनच जाता आलं.

पुढे १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालं, काही वर्षांनी बचत गट आले, आणि मुक्कामाला बाहेर पडायचं आणखी एक कारण मिळालं: प्रशिक्षण. हिशेबाच्या वह्या शिकलो, खरंच उपयोग झाला. पण बायांना विचारलं तर त्या सांगतात रात्रीच्या गाण्यांचं, आणि आयत्या ताटाचं. सकाळी उठून चूल पेटवायची नाही, या सुखाला कुठल्याच अहवालात रकाना नसतो.

देव, काम, प्रशिक्षण. बाई बाहेर पडली ती असं काहीतरी पुढे करूनच. नुसतं मन रमवायला जाते, असं सांगून गेलेली आमच्यात एकही निघाली नाही.

म्हणून यंदा आम्ही औंढ्याला दोन रात्रींचा मुक्काम ठरवला. गाणी, रांगोळी, ज्या नाटकात शाळेत असताना काम करू दिलं नाही असं एखादं नाटक. ठरावाच्या वहीत उद्देश लिहायची वेळ आली. एकजण म्हणाली, "नागनाथाचं दर्शन लिहा, घरी कटकट नको." दुसरी म्हणाली, "गाणी म्हणायला आणि निवांत झोपायला, असंच लिहा." अर्धा तास वाद झाला. शेवटी दुसरीचं लिहिलं. तेराजणींपैकी नऊजणींनी सह्या केल्या.