काचसफाईचा छोटा व्यवसाय : पुन्हा बोलावणारा ग्राहक कसा जोडावा?

खिडक्यांच्या काचा पुसणे हा आपल्याकडे घरकामाचाच एक भाग मानला गेला. सणाच्या आधी वर्तमानपत्राचा बोळा आणि पाण्याची बादली घेऊन घरातीलच कोणीतरी हे काम उरकत असे. लाकडी झडपांची जागा ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांनी घेतली, दुकानांच्या फळ्या जाऊन दर्शनी काचा आल्या, दवाखाने व कार्यालयांच्या इमारती काचेच्या झाल्या, तसे हे काम घरच्या माणसांच्या आवाक्याबाहेर गेले. त्यातून काचसफाईचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला.

या व्यवसायाला भांडवल थोडे लागते, त्यामुळे तो सुरू करणे सोपे आहे. टिकवणे मात्र कठीण. पुसलेली काच पुन्हा मळते, पण ती पुसण्यासाठी ग्राहक पुन्हा त्याच माणसाला बोलावेल याची खात्री नसते. दर महिन्याला नवे ग्राहक शोधण्यात ज्याची शक्ती खर्ची पडते, त्याचा धंदा वाढत नाही. म्हणून पहिल्या कामापेक्षा दुसऱ्या फेरीचा विचार आधी करावा लागतो.

शहापूरसारखी पेठ

बेळगावला लागून असलेले शहापूर संस्थानकाळात सांगली संस्थानाच्या ताब्यात होते. हातमागाच्या साड्या आणि सराफी यांसाठी ही पेठ ओळखली जाई. खडेबाजार, सराफ गल्ली, नाथ पै सर्कल आणि गोव्याच्या वाटेची आठवण नावात जपणारी गोवावेस हा सारा परिसर पायी फिरता येण्याजोगा आहे. जवळच टिळकवाडी व वडगावची वस्ती आणि उद्यमबागेतील कारखाने आहेत. म्हापसा, मडगाव किंवा फोंड्याच्या बाजारपेठेची रचनाही फारशी निराळी नाही. त्यामुळे शहापूरला लागू पडणारे गणित गोव्यातील होतकरू तरुणांनाही उपयोगी पडावे.

अशा पेठेत तीन प्रकारचे ग्राहक मिळतात. साडी, सोने किंवा मिठाईच्या दुकानांना दर्शनी काच आठवड्यातून एकदा तरी स्वच्छ हवी असते. दवाखाने, पतसंस्था व कार्यालये पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने काम देतात. घरांचे काम तीन-चार महिन्यांनी निघते. ते मोठे असते, पण सणांभोवती एकवटते. दुकानांमुळे आठवड्याचा खर्च निघतो आणि घरांच्या कामातून शिल्लक पडते. केवळ घरांवर विसंबणाऱ्याला पावसाळ्यात रिकामे बसावे लागते.

फेरीचे गणित

समजा, दोघांनी मिळून २५ दुकाने धरली आणि प्रत्येक दुकानाचे आठवड्याला १०० रुपये घेतले, तर महिन्याला १०,००० रुपये जमा होतात. त्याशिवाय ४० घरे तीन महिन्यांतून एकदा ९०० रुपयांप्रमाणे केली, तर महिन्याची सरासरी १२,००० रुपये पडते. हे आकडे केवळ हिशेबापुरते आहेत. दर गावानुसार ठरवावेत. या हिशेबातून दिसते ते एवढेच की २२,००० रुपयांचे हे उत्पन्न नव्या ग्राहकाशिवाय दर महिन्याला येत राहते. यांतील दहा घरे वर्षभरात सुटली, तर दहाच नवी शोधावी लागतात. तीस सुटली, तर सारे वर्ष शोधण्यातच जाते.

फेरी गल्लीनिहाय आखावी. सोमवारी खडेबाजार, मंगळवारी टिळकवाडी असा दिवस ठरला की पेट्रोल व वेळ दोन्ही वाचतात. एका दुकानाचे काम चालू असताना शेजारचा दुकानदार ते पाहत असतो. त्याच्याकडे जाऊन दर सांगणे ही सर्वांत स्वस्त जाहिरात होय. दूरच्या टोकाचे एखादे मोठे काम मोहात पाडते, पण त्यासाठी ठरलेली फेरी मोडली तर पाच जुने ग्राहक खट्टू होतात.

काम चोख होण्यासाठी

रबरी पात्याचा वायपर हे या धंद्याचे मुख्य हत्यार. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या एत्तोरे स्टेक्कोने या काचसफाई कामगाराने १९३६ मध्ये पितळी मुठीच्या, एकपाती वायपरचे पेटंट घेतले; आजचे वायपर त्याच धर्तीचे आहेत. पाते झिजले की काचेवर रेघा उमटतात, म्हणून ते वेळेवर बदलावे. काच ओली करण्यासाठी मऊ ब्रश, कडा टिपण्यासाठी मायक्रोफायबरचे फडके आणि खिडकीच्या रुळांतील माती काढण्यासाठी अरुंद ब्रश, एवढ्यावर सुरुवात होते. डासांची जाळी आणि रूळ साफ न करता केवळ काच चमकवली, तर गृहिणीला काम अर्धवट वाटते आणि ते रास्तच असते.

भर उन्हात काच धुऊ नये. पाणी पुसण्याआधीच वाळते आणि डाग राहतात. पूर्वेच्या खिडक्या दुपारनंतर व पश्चिमेच्या सकाळी घ्याव्यात. कूपनलिकेचे जड पाणी वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके उरतात, त्यामुळे शेवटचा हात शक्यतो नळाच्या किंवा गाळलेल्या पाण्याचा असावा. क्षारांचे जुने डाग सौम्य आम्लाने निघतात, पण ते आम्ल संगमरवरी उंबऱ्यावर किंवा खिडकीच्या पट्टीवर सांडले तर दगड खराब होतो. नव्या बांधकामावरील सिमेंटचे शिंतोडे पात्याने खरवडल्यास काचेवर कायमचे ओरखडे पडू शकतात. काचेवर फिल्म लावलेली असेल, तर अमोनियायुक्त द्रव वापरू नये.

गोव्यात आणखी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. किनाऱ्यालगतच्या काचांवर व ॲल्युमिनियमच्या चौकटींवर खारे तुषार बसतात. ते कोरड्या फडक्याने घासण्याऐवजी आधी भरपूर पाण्याने धुऊन काढावेत. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने असतात. शिंपला हा चुनखडीचाच प्रकार असल्याने त्याला आम्ल अजिबात लावू नये. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. ही जाण असलेल्या माणसाला जुन्या वाड्यांचे मालक सहसा सोडत नाहीत.

ग्राहक पुन्हा का बोलावतो?

दर कमी केला की ग्राहक टिकतो, हा समज व्यवहारात खोटा ठरतो. स्वस्ताईसाठी आलेला ग्राहक आणखी स्वस्त माणूस भेटताच जातो. सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळी दारात उभा राहणारा माणूस मात्र लोकांच्या लक्षात राहतो. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत.

• निघण्यापूर्वी पुढची तारीख ठरवावी आणि ती ग्राहकासमोर वहीत लिहावी. आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर आठवण द्यावी.

• ग्राहकाची नोंद ठेवावी : खिडक्या किती, शिडी कुठवर पोहोचते, कोणत्या काचेला आधीपासून ओरखडा आहे, दुपारी झोपणारे वृद्ध घरात आहेत का. ओरखड्याचा फोटो काम सुरू करण्यापूर्वीच काढून मालकाला दाखवावा. पुढचा वाद टळतो.

• पहिल्या सफाईचा आणि पुढच्या फेऱ्यांचा दर वेगळा सांगावा. पहिल्या वेळी साचलेला मळ काढायचा असतो. नंतरचे काम हलके होते. नियमित बोलावणाऱ्याला कमी दर का, हे ग्राहकाला त्यामुळे आपोआप समजते.

• तक्रार आली तर त्याच दिवशी जाऊन ती काच पुन्हा पुसावी. बाहेरची काच पुसल्यावर दोन दिवसांत पाऊस आला तर एकदा मोफत हात फिरवण्याची सवलत आधीच सांगून ठेवावी.

• शक्यतो तोच माणूस पाठवावा. तो घरात शिरतो, खोल्या पाहतो. त्याचे ओळखपत्र, पादत्राणे बाहेर काढणे, देवघराजवळ विचारून जाणे या गोष्टींवर विश्वास ठरतो.

पेठेत महिनाअखेरीस हिशेब करण्याची रीत आहे. ती मान्य करावी, पण उधारी एका महिन्यापलीकडे जाऊ देऊ नये. प्रत्येक कामाची पावती द्यावी.

वर्षाचे वेळापत्रक

गणेशचतुर्थीपूर्वी आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास घरांची मागणी वाढते. गोव्यात नाताळ व पर्यटन हंगाम यांची भर पडते. या दिवसांत नवे ग्राहक भरपूर येतात आणि जुन्यांची फेरी चुकण्याचा धोकाही तेव्हाच असतो. आधीच्या ग्राहकांना महिनाभर अगोदर दिवस देऊन उरलेले दिवस नव्यांना द्यावेत. जून ते सप्टेंबर या काळात बाहेरचे काम मंदावते. तेव्हा आतल्या काचा, जाळ्या, पंखे आणि दुकानांचे आरसे अशी कामे जोडून घ्यावीत. मार्चनंतर धूळ वाढते; कार्यालयांशी वार्षिक बोलणी करण्यास तो काळ योग्य.

उंचीवरचे काम

या व्यवसायात जिवाचा प्रश्न आहे, तो येथेच. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर उभे राहून, एका हाताने ग्रिल धरून काच पुसणारी माणसे कोणत्याही शहरात दिसतात. असे काम नाकारण्याची तयारी ठेवूनच धंद्यात उतरावे. लांब दांड्याचा ब्रश वापरून जमिनीवरून जेवढे करता येईल तेवढेच सुरुवातीला घ्यावे. त्याहून उंच कामासाठी भारतीय मानक ३५२१ नुसार बनवलेला पूर्ण शरीराचा सुरक्षापट्टा, तो अडकवण्यास भक्कम जागा आणि प्रशिक्षण या तिन्ही गोष्टी हव्यात. केवळ पट्टा कमरेला बांधला म्हणून माणूस सुरक्षित होत नाही. ओली शिडी, जवळून जाणारी वीजवाहिनी आणि वारा यांची पाहणी दररोज करावी.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये हप्त्यावर अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. वयोमर्यादा १८ ते ७० वर्षे आहे. सोबत काम करणाऱ्या प्रत्येकाचा हा विमा मालकाने पहिल्याच दिवशी उतरवावा. मात्र तो अपघात टाळत नाही, हे विसरू नये.

नोंदणी, कर आणि कर्ज

उद्यम नोंदणी विनाशुल्क असून ऑनलाइन होते. कर्नाटकात दुकाने व वाणिज्य आस्थापना कायदा १९६१ चा, तर गोव्यात १९७३ चा आहे. कार्यालय थाटल्यास त्याखालील नोंदणीची आणि स्थानिक संस्थेच्या परवान्याची चौकशी करावी. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. शिडी, हत्यारे व जुनी दुचाकी यांसाठी एवढी रक्कम पुरावी.

सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. चोर्ला घाट ओलांडून गोव्यात काम घेणाऱ्या शहापूरच्या व्यावसायिकालाही ही सवलत लागू आहे; आंतरराज्य सेवेसाठी ती २०१७ मध्येच देण्यात आली. नोंदणी झाल्यास काचसफाईचा सेवा संकेतांक ९९८५३२ असून कराचा दर १८ टक्के आहे. घाटापलीकडचे काम घेताना प्रवासाचा दिवस दरात धरावा आणि एका खेपेत तीन-चार कामे जुळत असतील तरच निघावे.

वाढ कधी करावी?

सफाईच्या कामातून मोठा उद्योग उभा राहू शकतो, याचे ठळक मराठी उदाहरण म्हणजे पुण्याचा भारत विकास ग्रुप. साताऱ्याच्या रहिमतपूरचे हणमंतराव गायकवाड यांनी १९९७ मध्ये पुण्यातील टेल्को कारखान्याच्या सफाईच्या कंत्राटातून सुरुवात केली. सुरुवातीला मोजकीच माणसे होती. पुढे संसद भवन व राष्ट्रपती भवनाच्या सफाईचे काम या संस्थेकडे आले. त्या वाटचालीची सुरुवात एकाच जागी रोज करावयाच्या कामापासून झाली, ही बाब छोट्या व्यावसायिकाने ध्यानात घ्यावी.

नवा माणूस ठेवण्याची वेळ आली की नाही, हे वहीवरून कळते. पुढील तीन महिन्यांच्या ठरलेल्या फेऱ्यांतून त्याचा पगार निघत असेल तरच त्याला घ्यावे. सणासुदीच्या गर्दीवर भरवसा ठेवून माणसे वाढवली, तर पावसाळ्यात त्यांना काढावे लागते, आणि त्यांच्याबरोबर त्यांना ओळखणारे ग्राहकही जातात. नव्या माणसाने पहिला महिना जुन्याच्या हाताखाली फिरावे. ग्राहकाशी त्याची ओळख मालकाने स्वतः जाऊन करून द्यावी आणि त्यानंतरच ती फेरी त्याच्यावर सोपवावी.