‘प्लॉन्क!’ : नको ते न वाचण्याच्या हक्काची गोष्ट

सोसायटीचा ग्रुप म्यूट केला की सुटल्यासारखं वाटतं ना? या सोयीचा इतिहास फेसबुकपेक्षा बराच जुना आहे.

१९७९ मध्ये अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी ‘यूजनेट’ची कल्पना काढली. एका कॉम्प्युटरने मजकूर ठेवायचा आणि फोनलाईनवरून पुढच्याला द्यायचा. मालक कुणीच नाही. म्हणजे कुणी शिव्या घातल्या तर ‘वर’ तक्रार करायची सोयही नाही, कारण वर कुणी नव्हतंच.

मग वाचणाऱ्यांनी काय करायचं? १९८४ मध्ये लॅरी वॉलने (पुढे ‘पर्ल’ ही भाषा याचीच) यूजनेट वाचण्यासाठी ‘आरएन’ नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यात होती ‘किल फाईल’. नाव भयंकर, काम साधं. नको त्या माणसाचं नाव किंवा नको तो विषय त्या फाईलमध्ये लिहून ठेवायचा. तो माणूस लिहीतच राहायचा, बाकीचे वाचतच राहायचे, तुमच्या पडद्यावर तेवढा तो यायचा नाही. एखाद्याला असं गाडलं की लोक त्याला जाहीर उत्तर द्यायचे, फक्त एक शब्द : ‘प्लॉन्क!’ म्हणजे तो किल फाईलच्या तळाशी आपटल्याचा आवाज. मला हा प्रकार फार आवडतो. कुणाचं तोंड बंद केलं नाही, फक्त आपली खिडकी लावून घेतली.

पण गोम इथेच आहे. तो माणूस माझ्याबद्दलच खोटं पसरवत असेल तर? मला दिसत नाही, गावाला दिसतंय. शिवाय एप्रिल १९९४ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्डची जाहिरात हजारो ग्रुपांवर एकदम टाकली, तेव्हा कळलं की लोंढा आला की एकेकट्याची चाळणी पुरत नाही.

पुढे ट्विटर-फेसबुक आले आणि चाळणी कंपनीच्या हातात गेली. आपणच दिली, खरं तर. कटकट कोण करणार!

त्याची किंमत आपल्याकडे २०१९ मध्ये दिसली. सुप्रीम कोर्टातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं. कारण ठरला एक जुना फोटो. १९३६, हॅम्बुर्गची गोदी, सगळे नाझी सलाम ठोकतायत आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा. नाझींना नकार देणारा फोटो द्वेषाचा ठरला! त्या नोव्हेंबरात चिडलेले कितीतरी भारतीय ‘मॅस्टोडॉन’वर गेले.

मॅस्टोडॉन जर्मनीतल्या ऑयगन रोख्कोने २०१६ मध्ये सुरू केलेलं. पुन्हा यूजनेटसारखंच, एक मालक नाही, हजारो छोटे सर्व्हर. शब्द गाळा, माणूस गाळा, अख्खा सर्व्हर आपल्यापुरता गाळा. पण तिथे नियमच नाहीत असं समजून गेलेल्यांची फसगत झाली. २०१९च्याच जुलैत अतिउजव्यांचं ‘गॅब’ हेच सॉफ्टवेअर घेऊन उभं राहिलं. सॉफ्टवेअर सर्वांना खुलं, अडवणार कोण? मग अनेक सर्व्हरचालकांनी गॅबशी संबंधच तोडले. हा निर्णय वाचकाचा नव्हता, चालकाचा होता. मला तो पटतो. रोज शंभर नव्या खात्यांवरून शिव्या खाणाऱ्या बाईला ‘तू म्यूट कर की’ सांगणं म्हणजे झाडूही तिच्याच हातात देणं.

ब्लूस्कायने मधली वाट काढली. मार्च २०२४ पासून तिथे कुणीही पोस्टवर लेबलं लावणारी सेवा चालवू शकतो. कुणाची लेबलं मानायची आणि त्यावर पोस्ट लपवायची, इशारा दाखवायचा की दुर्लक्ष करायचं, हे वाचक ठरवतो. म्हणजे चाळणी आपली, पण ती विणायला माणसं सोबतीला.

फक्त एक लक्षात असू द्या. ब्लूस्कायवर म्यूट खाजगी राहतं, पण तुम्ही कुणाला ब्लॉक केलंय ते कुणालाही शोधून काढता येतं. यूजनेटवर ‘प्लॉन्क’ ओरडायचं की गप्प बसायचं, हे तरी आपल्या मर्जीवर होतं.