एक कारभार, दोन कारभारी



व्यवस्थापनशास्त्र म्हटलं की आपल्या मनात कारखाना येतो. भोंगा, पाळ्या, टेलरसाहेबांचं घड्याळ. आज मात्र आपण कारखान्यात जाणार नाही, यवतमाळच्या जिल्हा परिषदेत जाणार आहोत. संघटनाशास्त्रातला एक जुना प्रश्न आहे: माणसाने हुकूम कुणाचा मानावा, आणि किती जणांचा? आपल्या जिल्हा परिषदांसाठी या प्रश्नाचं उत्तर ज्या समितीने शोधलं, तिचे अध्यक्ष याच जिल्ह्यातले होते. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. ते उत्तर पाठ्यपुस्तकाच्या विरुद्ध जाणारं होतं, आणि तरीही ते बरोबर होतं, असं आम्हाला आज मांडायचं आहे.

आधी पाठ्यपुस्तक काय म्हणतं ते पाहू.

हेन्री फेयॉल हा फ्रेंच खाण-अभियंता. वणी-राजूरकडच्या मंडळींना तो जवळचा वाटावा, कारण त्याची सारी नोकरी कोळशाच्या कंपनीत गेली. १८८८ मध्ये डबघाईला आलेली कंपनी त्याच्या हाती आली. त्याने ती सावरली, आणि १९१६ मध्ये आपला अनुभव तत्त्वरूपाने मांडला. त्याची १४ तत्त्वं आपली वाणिज्य शाखेची मुलं आजही पाठ करतात. त्यातलं एक म्हणजे आदेशातील एकवाक्यता. एका कर्मचाऱ्याला वरिष्ठ एकच असावा. दोघं हुकूम सोडू लागले की अधिकार खिळखिळा होतो आणि शिस्त मोडते.

त्याच काळात जर्मनीत मॅक्स वेबर नोकरशाहीचा विचार करत होता. आपण हा शब्द शिवीसारखा वापरतो. वेबरच्या दृष्टीने मात्र ती मोठी सुधारणा होती. लेखी नियम, फाइल, ठरलेला पगार, पात्रतेवर नेमणूक. वऱ्हाडी माणसाला हे एका वाक्यात सांगता येतं: वतनदार पाटील आणि परीक्षा देऊन आलेला तहसीलदार यांच्यातला जो फरक, तो वेबर. पण त्याने एक इशाराही दिला होता. तज्ज्ञ अधिकाऱ्यापुढे राजकीय धनी नेहमी नवशिक्याच ठरतो, कारण माहिती अधिकाऱ्याच्या कपाटात असते.

आता १९५७ मध्ये येऊ. बलवंतराय मेहता समितीने लोकशाही विकेंद्रीकरणाचा अहवाल दिला. तिचा भर गटपातळीवरच्या पंचायत समितीवर होता. जिल्हा परिषद सल्ला देणारी, आणि तिचा अध्यक्ष जिल्हाधिकारी. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षी यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने महसूलमंत्री नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६१ मध्ये अहवाल आला. त्यात तीन गोष्टी धाडसाच्या होत्या. जिल्हा परिषद हीच सर्वांत बळकट संस्था असावी. आमदार-खासदार तिचे सदस्य नसावेत. आणि जिल्हाधिकारी तिच्या बाहेर असावा. महसूल खातं सांभाळणाऱ्या मंत्र्याच्या समितीने महसूल खात्याच्या जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याला बाहेर ठेवलं, हे लक्षात घ्या. त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

आणि इथेच तो पेच तयार झाला. जिल्हा परिषदेत दोन कारभारी आले. एक निवडून आलेला अध्यक्ष, दुसरा शासनाने पाठवलेला मुख्य कार्यकारी अधिकारी. अधिकाऱ्याची नेमणूक मुंबईहून, बदली मुंबईहून, पण अंमलबजावणी सभेच्या ठरावांची. सदस्यांनी दोन-तृतीयांश बहुमताने ठराव केला तर शासनाने त्याला परत बोलवावं, अशीही तरतूद झाली. खाली पंचायत समितीत तेच. गटशिक्षणाधिकारी बसतो गटविकास अधिकाऱ्याच्या हाताखाली, शिक्षणाचं विचारायला जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी, आणि दारात उभे सभापती. फेयॉलने हे पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

मग ही चूक होती का? इथे हर्बर्ट सायमन मदतीला येतो. १९४६ मध्ये त्याने प्रशासनाच्या तत्त्वांची चांगलीच खिल्ली उडवली. तो म्हणाला, ही तत्त्वं म्हणींसारखी जोडीजोडीने येतात आणि एकमेकींना छेद देतात. आपण नाही का, घाई करायची असली की शुभस्य शीघ्रम् म्हणतो आणि करायची नसली की अति घाई संकटात नेई? तसंच हे. वरिष्ठ एकच असावा, हे एक तत्त्व. प्रत्येक विषयाला त्याचा जाणकार असावा, हे दुसरं. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. कोणतं किती सोडायचं, हे संस्था कशासाठी आहे यावर ठरतं.

एकवाक्यता जिथे कडक पाळली जाते तिथेही सगळं सुरळीत असतं असं नाही. गावात तलाठी आणि ग्रामसेवक दोघेही असतात. आता त्यांची पदनामं बदलली आहेत, ते असो. एकाची शिडी तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्याकडे जाते, दुसऱ्याची गटविकास अधिकाऱ्यामार्फत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे. एकाच चावडीजवळ बसणाऱ्या दोन माणसांचा कागद नियमाने जिल्ह्याला जाऊन परत यायचा. फेयॉललाही हे ठाऊक होतं, बरं का. त्याने उपाय सांगितला: दोन शिड्यांमध्ये फळी टाका. वरिष्ठांच्या संमतीने खालच्या माणसांनी थेट बोलावं. फेयॉलचं नाव घेणारे ही फळी सहसा विसरतात.

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, त्यामुळे थोडं मागे जाऊ. ॲरिस्टॉटल म्हणतो, घराची पारख बांधणाऱ्यापेक्षा राहणारा चांगली करतो, आणि जेवणाची पारख आचारी नाही, पंगतीत बसलेला माणूस करतो. वेबरच्या इशाऱ्याला हे खरं उत्तर आहे. अधिकाऱ्याकडे माहिती असते, पण सगळी नसते. समजा, झरी जामणीकडच्या एखाद्या कोलाम पोडावरची शाळा आहे, पटावर नऊ मुलं. जिल्ह्याच्या तक्त्यात ती एक ओळ आहे, आणि जवळच्या शाळेचं अंतर दोन किलोमीटर. मधला नाला पावसाळ्यात कमरेएवढा वाहतो, हे त्या तक्त्यात नसतं. ते सांगणारा कुणीतरी सभेत उभा राहावा लागतो, आणि त्याचं ऐकून घेणं अधिकाऱ्याला भाग असावं लागतं. दुसरा कारभारी असतो तो यासाठी.

बोस्टनच्या मेरी पार्कर फॉलेट यांनी वस्तीवस्तीतल्या लोकसमूहांबरोबर काम करून १९१८ मध्ये लोकशाहीवर पुस्तक लिहिलं आणि मग व्यवस्थापनाकडे वळल्या. त्यांचं म्हणणं असं की हुकूम माणसाने माणसाला देऊ नये, दोघांनी मिळून परिस्थिती काय मागते ते शोधावं. मतभेद हा बिघाड नव्हे, त्यातूनच नवा मार्ग सुचतो. अध्यक्ष आणि अधिकारी यांच्यातल्या ओढाताणीला हा विचार बरोबर लागू पडतो.

आता कुणी म्हणेल, सर, तुम्ही फार गोड चित्र काढता. सदस्यांचं अर्धं लक्ष बदल्यांत आणि उरलेलं कंत्राटांत असतं. खोटं नाही ते. शिवाय हळूहळू अधिकारही वर गेले. आज जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा पैसा ज्या जिल्हा नियोजन समितीत ठरतो, तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. ज्याच्या हाती पैसा नाही, तो बदल्यांतच रस घेणार.

पण दुसरा कारभारी काढून टाकला तर काय होतं, याचा प्रयोग नुकताच होऊन गेला. मार्च २०२२ मध्ये यवतमाळसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका आरक्षणाच्या वादात अडकल्या आणि प्रशासक आले. प्रशासक कोण, तर मुख्य कार्यकारी अधिकारीच. ठराव करणारा तोच, अंमल करणारा तोच. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोवर तीन वर्षं उलटून गेली होती. आदेशाची एकवाक्यता आली. फायली लवकर हलल्या असतील, सभा गोंधळाविना झाल्या असतील. अनेक अधिकाऱ्यांनी मनापासून कामही केलं असेल. पण त्या काळात नाल्याचं पाणी सांगायला सभेत कोण उभं राहिलं?

हा प्रश्न जिल्हा परिषदेपुरता नाही. शाळा, दवाखाना, पतसंस्था, सहकारी जिनिंग, सगळीकडे आज एकच सूर आहे: एक पोर्टल, एक तक्ता, एक निर्णय. वेग हवाच. पण संस्था किती वेगाने चालते हे विचारण्याआधी, तिला थांबवून बोलण्याचा हक्क कुणाला आहे, हे विचारायला हवं. फेयॉलची कंपनी कोळसा काढत होती. कोळसा तक्रार करत नाही. माणसं करतात, आणि ती ऐकली जावी म्हणूनच नाईक समितीने एका कारभाराला दोन कारभारी दिले.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मतभेद असतील तर आधी तेच विचारा.