समेट, ईश्वराशी

ख्रिस्ती धर्मात पाप म्हणजे केवळ आज्ञाभंग नव्हे, तर ईश्वराशी आलेला दुरावा होय. त्यापासून मागे फिरणे म्हणजे परिवर्तन. मूळ ग्रीक ‘मेटानोइआ’ या संज्ञेचा अर्थ मनाचा पालट असा आहे. तथापि दुरावा मिटविण्यात पुढाकार ईश्वराचाच असतो. सेंट पॉलच्या मते ईश्वराने ख्रिस्ताच्या द्वारे जगाचा स्वतःशी समेट केला (२ करिंथ. ५). तो प्रायश्चित्ताने कमवावयाचा नसून श्रद्धेने स्वीकारावयाचा असतो.

परिवर्तन व बाप्तिस्मा एकाच वेळी घडतात, असे मात्र नाही. पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) उदाहरण बोलके आहे. तीर्थाटनात बालपण गेलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटिज येथे बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावर वादळ उठले. पण वाद चालला तो धर्मांतराचा. परिवर्तन अद्याप व्हावयाचे होते. त्या वेळी आपणास ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त नव्हे, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगल्याचे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. आहोत तशाच स्थितीत ईश्वराकडे जाता येते, पात्रता आधी मिळवावी लागत नाही, हा त्यांचा नवा बोध होता. केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये जे धर्मजागरण झाले, त्यात अनेक स्त्रियांनी व मुलींनी रडत आपल्या पापांची कबुली दिली.