उपळट जमिनीतली झाडे

बारामतीच्या पश्चिमेला पणदरे आहे. आज या बाजूला जिकडे तिकडे ऊस दिसतो, त्यामुळे हा मुलूख मुळात कोरडा, हे नव्या माणसाला सांगूनही पटत नाही. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलीमीटरच्या आसपास. १८७६-७८च्या दुष्काळाने हा भाग होरपळला. त्याच काळात नीरा डाव्या कालव्याचे काम हाती घेतले गेले आणि १८८५च्या सुमारास पाणी सुटले. वर भाटघरला धरण झाले.

पाणी आले तसे ते झिरपूही लागले. पाटाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या काळ्या रानात जमिनीखालचे पाणी वर चढले. उन्हाने ते उडून जाई आणि क्षार मागे राहत. काही वर्षांत चांगली राने पांढरी पडली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली तो प्रसिद्ध केला. उपाय त्यांनी सरळ सांगितला होता : निचरा. त्याच्या थोडे आधी विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली होती. थोड्या गावांनी भरमसाट पाणी घेण्यापेक्षा ते जास्त गावांत वाटले जावे, हा त्यामागचा विचार.

इतिहास इथपर्यंत सांगितला जातो. मला मात्र त्या बिघडलेल्या रानात काय उगवले, याचे कुतूहल आहे. शेतकरी त्या जागेला उपळट म्हणतो, चोपण म्हणतो. सरकारी दप्तरात ती पड. पण ओल सोसणाऱ्या आपल्या देशी झाडांना ती आयतीच जागा.

त्यात पहिला मान करंजाचा. पाय पाण्यात आणि माती खारट, तरी हे झाड हिरवेगार. चैत्र-वैशाखात, रान करपलेले असताना ते फुलते आणि सगळे झाड माशांनी गुणगुणते. जांभळालाही ओल मानवते. त्याचा मोहर मधमाश्यांचा आणि फळ कोकीळ-बुलबुलांचे. नदीकाठी वाळुंज. हे गावाचे नावही आहे आणि आडनावही, पण झाड दाखवा म्हटले तर आता फार थोडे लोक दाखवू शकतील. पांगाऱ्याची लाल फुले तर पक्ष्यांसाठीच : मैना, बुलबुल, शिंजीर त्यांतला रस प्यायला येतात आणि परागही नेतात. चरांत जांभळ्या फुलांचा, काटेरी तालिमखाना. पाणकणसाच्या फुलांत मध नसतो, पण पाणकोंबडी त्याच्याच आडोशाने पिल्ले वाढवते. आणि पाण्यावर झुकलेल्या गावठी बाभळीला सुगरणीची घरटी. सुगरण उसाच्या पात्याच्या बारीक पट्ट्या काढून खोपा विणते. म्हणजे धागा कालव्याने दिलेला आणि फांदी जुन्या रानाची!

हे सारे आता कमी होत चालले आहे. जमीन सुधारणे हा शेतकऱ्याचा हक्कच आहे. भूमिगत निचरा करून चोपण रान पुन्हा पिकाखाली आणणाऱ्याला नावे ठेवणे मला योग्य वाटत नाही. खेद वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या चराच्या कडेला, ओढ्याच्या काठाला कुणी पीक घेत नाही, तिथेही आज वेडी बाभूळ आणि बेशरम माजली आहे. दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या. वेड्या बाभळीवर माश्या येतात, हे कबूल. पण ती शेजारी दुसरे फारसे काही वाढू देत नाही.

नुकसान लवकर ध्यानात येत नाही, कारण ऊस कांडीने लावतात. त्याला मधमाशीची गरजच नाही. पण त्याच शिवारातल्या कांद्याच्या बियाण्याला, सूर्यफुलाला, कारल्या-दुधीच्या वेलांना ती लागते. ही पिके काही दिवसच फुलतात. उरलेले वर्ष माशीने काढायचे कुठे? मला वाटते, चराचे काठ तेवढे देशी झाडांना सोडावेत.

करंजापासून सुरुवात करणे सोपे. शेंगा उन्हाळ्यात झाडाखालीच मिळतात. बी ताजे असताना लावले तर लवकर रुजते, म्हणून हे काम पहिल्या पावसाबरोबर उरकावे. पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून राखले की पुढे पाणी घालावे लागत नाही. ओल तिथे आहेच.