सावलीतला निळा

भिवंडीजवळच्या वळमध्ये भाताची शेतं आटली आणि गोदामं वाढली, तरी दुपारी चारनंतर पत्र्याच्या भिंतींवर जे ऊन येतं, ते सोडून घरात बसवत नाही. तैलरंग शिकायला येणाऱ्या मुलांकडून मी आधी काळ्या रंगाची ट्यूब काढून घेतो. पांढऱ्या पत्र्यावर पडलेली सावली नीट बघा: ती निळसर-जांभळी दिसते, आणि खाली भाताचं खाचर असेल तर कडेला हिरवी झाक मारते. हे दिसू लागलं की इम्प्रेशनिस्ट निसर्गचित्राचं निम्मं शिक्षण झालं.

ही नजर आपल्याकडे आली कुठून? पॅरिसमध्ये इम्प्रेशनिस्ट चित्रकार मोने आणि त्याच्या सोबत्यांनी 1874 साली स्वतःचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सतरा वर्षांचं होतं. तिथे शिकवली जायची ती ब्रिटिश अकादमीची पद्धत: काटेकोर रेखाटन, तपकिरी सावल्या, गुळगुळीत शेवट. त्याच शाळेत शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि कोटितीर्थ तलावाच्या काठावर उजेड टिपत राहिले. पाणी, झाडी, धुकट सकाळ हेच त्यांचे विषय. युरोपला न जाता या माणसाने प्रकाश रंगवला. माझ्या मते आपल्या निसर्गचित्राची खरी सुरुवात तिथे आहे, आणि तिला अजून हवा तेवढा मान मिळालेला नाही.

दुसरी वाट इंदूरची. तिथले कलाशिक्षक द. दा. देवळालीकर विद्यार्थ्यांना उघड्यावर बसवून रंग आणि ऊन बघायला लावत. चित्रकार ना. श्री. बेंद्रे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. मग 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात चार्ल्स जेरार्ड जे. जे.चे प्रमुख झाले आणि मोकळा ब्रश, उजळ रंग वर्गात आले. नाझींमुळे व्हिएन्ना सोडून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर तर उघडच भडक, इंद्रधनुषी रंग वापरत. ते इम्प्रेशनिस्टांपेक्षा एक्स्प्रेशनिस्टांच्या जवळचे, पण तरुण चित्रकार रझांसारख्यांना रंगाची भीती सोडायला त्यांनीच शिकवलं.

बाहेर बसून तैलरंगात काम करणं सोपं झालं ते कथलाच्या ट्यूबमुळे. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने 1841 साली तिचं पेटंट घेतलं. त्याआधी कालवलेला रंग जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून न्यावा लागे. भोक पाडलं की तो वाळायला लागायचा.

भिवंडीच्या दमट हवेत मात्र अडचण उलटी. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि पावसाळ्यात त्याला जास्तच वेळ लागतो. ओल्या रंगावर ब्रश घासत बसलात की सगळं मळकट होतं. म्हणून रंग पॅलेटवरच ठरवायचा, भरपूर घ्यायचा, एकदाच ठेवायचा आणि ब्रश पुसायचा. ऊन तासाभरात सरकतं. तेवढ्यात जमेल एवढाच कॅनव्हास घ्यावा.

पुस्तकातल्या छापील मोनेवरून शिकू नका. छपाईत रंगाचा थर कळत नाही. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आबालाल रहिमान यांची मूळ चित्रं आहेत. आधी ती जवळून बघा, मग चार पावलं मागे येऊन पुन्हा बघा.